४० साड्या, एक दिवस, एक इस्त्री

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एक ताई आणि त्यांची जाऊ, दोघी मिळून येवल्याच्या विणकरांकडून पैठण्या आणतात आणि ऑनलाइन विकतात. आतापर्यंत फोटो गच्चीवर, मोबाइलवर काढले. आता दिवाळीच्या आधी ४० साड्या मॉडेलला नेसवून स्टुडिओत शूट करायच्या आहेत. एक स्टुडिओ एका दिवसासाठी बघून ठेवलाय, मावसभावाकडे चांगला कॅमेरा आहे. ‘एका दिवसात होईल ना? आणि लाइट कोणते लावायचे?’

ताई, लाइटचं नंतर बोलू. आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर: एका मॉडेलवर एका दिवसात ४० पैठण्या होत नाहीत. पंधरा होतात. फार रेटलं तर सोळा. आणि काम अडतं ते कॅमेऱ्यापाशी नाही, इस्त्रीपाशी अडतं.

हिशोब मांडून दाखवतो. पैठणी घडीतून काढली की घडीच्या रेषा फोटोत पट्टीने आखल्यासारख्या दिसतात, म्हणून इस्त्री आली. मग नेसवणं. निऱ्या एकसारख्या, खालचा काठ जमिनीला समांतर, पदरावरचा मोर नेमका समोर. हात बसलेल्या बाईलासुद्धा इस्त्रीसकट याला पंधरा मिनिटं लागतात. फोटोला सात-आठ. साडी उतरवून पुढचा ब्लाऊज चढवायला दोन-तीन. म्हणजे साडीमागे पंचवीस मिनिटं. ४० साड्यांची झाली एक हजार मिनिटं, म्हणजे सोळा तास चाळीस मिनिटं. तुमचा स्टुडिओ नऊ ते सहा. त्यातला पहिला दीड तास मेकअप आणि केसांत जातो, पाऊण तास जेवणात, पंधरा मिनिटं चहा आणि इकडचं तिकडे करण्यात. उरतात साडेसहा तास, म्हणजे ३९० मिनिटं. भागिले पंचवीस. पंधरा.

हा भागाकार सगळ्यात आधी करायचा. स्टुडिओ, मॉडेल, तारीख सगळं ठरवून झाल्यावर नाही. मी नवीन माणसाला पहिल्यांदा हेच विचारतो की कपडे किती वेळा बदलायचे आहेत. बाकी सगळं त्या एका आकड्यावर ठरतं.

आता यातून वाट कशी काढायची? दोन वाटा आहेत, दोन्ही वापरा.

पहिली म्हणजे इस्त्री आणि निऱ्या आदल्या दिवशी उरकणं. हल्ली साडी आधीच निऱ्या घालून, क्लिपा लावून, चौकोनी घडीत बांधून देणाऱ्या बायका नाशिक-पुण्यात सहज मिळतात. लग्नात नवरीच्या साड्यांना करतात तेच. अशी तयार साडी अंगावर चढवायला सात-आठ मिनिटं पुरतात. मग साडीमागे सतरा-अठरा मिनिटं आणि दिवसाला बावीसेक साड्या. फक्त एक अट आहे: ती साडी त्या मॉडेलच्या कमरेच्या मापाने आणि उंचीने बांधलेली हवी. माप न घेता बांधलेली साडी सोडून पुन्हा बांधावी लागते, मग पंचवीसची तीस मिनिटं होतात.

दुसरी वाट म्हणजे सगळ्या साड्या मॉडेलवर हव्यातच का, हे स्वतःला विचारणं. तुमच्या ४० मध्ये एकच काठ, एकच पदर आणि नुसता रंग वेगळा अशा साड्या किती? माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त निघतात. ज्या विणीत पाच रंग आहेत त्यातला एक मॉडेलवर घ्या, बाकीचे चार दांडीवर पदर सोडून किंवा टेबलावर घडी-पदर मांडून घ्या. दांडीवरच्या साडीला पाच मिनिटं पुष्कळ झाली. पंधरा साड्या मॉडेलवर आणि पंचवीस दांडीवर, म्हणजे एक पूर्ण दिवस आणि दुसऱ्या दिवसाचे सव्वादोन-अडीच तास. गिऱ्हाईकाला साडी अंगावर कशी पडते हे एकदा दिसलं की पुढे त्याला रंगच बघायचा असतो.

पंधरा कोणत्या, हे ठरवताना फोटो जाणार कुठे ते लिहून काढा. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी पहिला फोटो शुद्ध पांढऱ्या पार्श्वभूमीवर लागतो आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा असा त्यांचा नियम आहे. इन्स्टाग्रामला याच्या उलट, तिथे पांढऱ्यावरची साडी मेलेली दिसते. तिथे विटकरी, मेंदी, गडद राखाडी असं काहीतरी मागे हवं, उभी चार-पाचची चौकट हवी, स्टेटसला लावायचं तर नऊ-सोळाची. म्हणजे मॉडेलच्या डोक्यावर आणि पायाखाली जागा सोडून फोटो घ्यायचा. ती नंतर कापता येते, जोडता येत नाही. पार्श्वभूमी दिवसात एकदाच बदला. दर साडीला मागचा रंग बदलू असा बेत मी पुष्कळ ऐकलाय. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो बारगळतो.

प्रत्येक साडीचे किती फोटो, हेही आत्ताच ठरवा. पैठणीला मी पाच घेतो: समोरून पूर्ण, मागून पदर पसरून, कमरेपासून वर, काठ जवळून, आणि पदराची उलटी बाजू जवळून. हा पाचवा फोटो बहुतेक जण विसरतात. हातमागाच्या पैठणीत नक्षी धाग्यात धागा अडकवून विणलेली असते, त्यामुळे ती पाठीमागूनही जवळजवळ तशीच दिसते. यंत्रमागाच्या साडीला मागे सुटे, तुटके धागे लोंबतात. जाणकार गिऱ्हाईक दुकानात गेलं की पदर आधी उलटून बघतं. ऑनलाइन त्याला उलटता येत नाही, तर तुम्ही उलटून दाखवा. सिल्क मार्कचं लेबल असेल तर त्याचाही एक फोटो.

तारीख. इथे कॅलेंडर काढा आणि लग्नाचे मुहूर्त बघा. तुम्हाला लग्न करायचं नाही हे कबूल, पण मेकअप करणारी, साडी नेसवणारी आणि बऱ्याचदा फोटोग्राफरसुद्धा मुहूर्ताच्या दिवशी कुठल्यातरी मंगल कार्यालयात असतात. मिळाल्याच तर दुप्पट पैसे मागतात आणि संध्याकाळी पाचला घड्याळ बघू लागतात. आषाढी एकादशीनंतर चातुर्मास लागला की हीच मंडळी मोकळी असतात आणि दराचंही बोलता येतं. दिवाळीचा माल विकायचाय, तर फोटो नवरात्राच्या आत लोकांसमोर यायला हवेत. निवड आणि रंगकामाला तीन आठवडे धरा. म्हणजे शूट श्रावणात. गणपतीच्या दहा दिवसांत चुकूनही ठेवू नका. माणसं मिळतात, रस्ते मिळत नाहीत.

श्रावणाचा एक तोटा म्हणजे दमट हवा. इस्त्री केलेली सिल्कची साडी तासाभरात पुन्हा मरगळते, म्हणून स्टुडिओत हातात धरायचा स्टीमर ठेवा. पण जरीवर वाफ थेट मारायची नाही. उलट्या बाजूने, मधे सुती कापड धरून.

आता स्टुडिओ. तुम्ही ‘बघून ठेवलाय’ म्हणता, तो फोनवर बघितला असेल तर आधी जाऊन या, आणि जाताना मोजपट्टी न्या. साडी डोक्यापासून पायापर्यंत घ्यायची म्हणजे खोली लांब लागते. ८५ मिलिमीटरच्या लेन्सने उभी बाई पूर्ण मावायला कॅमेरा पाच मीटरवर लागतो. मॉडेल मागच्या कागदापासून दोन मीटर पुढे हवी, नाहीतर सावली कागदावर पडते. कॅमेऱ्यामागे माणूस उभा राहायला मीटरभर. झाले आठ मीटर, म्हणजे सव्वीस-सत्तावीस फूट. नाशिकमध्ये काय, पुण्यातसुद्धा इतका लांब स्टुडिओ सहजी मिळत नाही. वीस फुटांचा असेल तरी काम होतं, मावसभावाला २४-७० ची झूम आणायला सांगा आणि ती पन्नासच्या आसपास ठेवायची. त्याच्या आत गेलात तर मॉडेलचं डोकं मोठं आणि पाय आखूड दिसू लागतात, निऱ्या फुगतात.

रुंदीचाही एक फसवा हिशोब आहे. पार्श्वभूमीच्या कागदाचा नेहमीचा रोल २.७२ मीटर रुंद असतो. ऐकायला ऐसपैस वाटतं. पण मॉडेल त्याच्या दोन मीटर पुढे आणि कॅमेरा तिच्या चार मीटर पुढे असेल, तर मॉडेल उभी आहे त्या ठिकाणी तो कागद जेमतेम १.८ मीटरच पुरतो. कॅमेरा त्याहून जवळ आला तर आणखी कमी. तिने हात पसरून पदर उलगडला की पदराचं टोक कागदाच्या बाहेर, आणि मागे स्टुडिओचा स्टँड. पदर पसरायचा फोटो म्हणून तिरकं उभं करून घ्या, किंवा मागे रंगवलेली भिंत असलेला स्टुडिओ घ्या.

तिथे गेलात की आणखी बघायचं ते असं. कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी आहे का, आणि ती लागते का. आरसा पूर्ण उंचीचा आहे का. बाथरूम स्वच्छ आहे का. हे मी मुद्दाम आधी सांगतोय, कारण या दोन-तीन गोष्टी ठीक नसल्या तर मॉडेल दिवसभर अवघडलेली राहते आणि ते तोंडावर दिसतं. मग वेळ कधीपासून मोजतात ते विचारा: सामान आत आल्यापासून, का पहिल्या फोटोपासून? जादा तासाचे किती? कागद मळला तर फुटावर पैसे घेतात, त्याचा दर किती? स्टुडिओचा मुलगा दिवसभर सोबत आहे की किल्ली देऊन जाणार?

आणि ट्रिगर. स्टुडिओचे फ्लॅश पेटवायला कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक छोटी डबी बसते. ती कॅननसाठी वेगळी, निकॉनसाठी वेगळी, सोनीसाठी वेगळी. स्टुडिओकडे कॅननची आणि मावसभावाकडे सोनी, असं झालं की सकाळी साडेदहाला मॉडेल नटून बसलेली असते आणि सगळे ट्रिगर शोधत गावभर फोन लावत असतात. आदल्या आठवड्यात कॅमेरा घेऊन जा, एक फ्लॅश पेटवून बघा, मगच बयाना द्या.

विजेचंही बघा. भिंतीतला मोठा १६ अँपियरचा पॉइंट २३० व्होल्टला साधारण ३,६०० वॉट झेपवतो. कपड्यांचा उभा स्टीमर दीड-दोन हजार वॉट खातो, इस्त्री एक हजार, त्यात फ्लॅशच्या आतले दिवे. सगळं एका एक्स्टेंशन बोर्डावर लावलंत की एमसीबी पडतो, आणि तो हमखास मॉडेल मस्त हसलेली असतानाच पडतो. बोर्डाची वायर तर त्याहून आधी तापते. इस्त्री-स्टीमर वेगळ्या खोलीत, वेगळ्या लाइनवर.

माणसांचं सांगतो. पैसे मोजके आहेत असं तुम्ही लिहिलंय, तर ते या क्रमाने खर्च करा: आधी साडी नेसवणारी, मग मेकअप, मग मॉडेल, मग स्टुडिओ, आणि कॅमेरा सगळ्यात शेवटी. मावसभावाचा कॅमेरा पुरे आहे, दिवसाच्या भाड्याने मोठा आणू नका. त्या पैशात नेसवायला दुसरी बाई येईल. एक अंगावर नेसवतेय, दुसरी पुढच्या साडीला वाफ देतेय, असं चाललं की दिवस पळतो. नेसवणारी बाई कॅमेऱ्याशेजारी उभी राहिली पाहिजे. निऱ्यांमधली एक घडी सुटली ते मला दिसत नाही, तिला दिसतं.

मॉडेल ठरवताना चेहऱ्याच्या आधी उंची आणि मापं विचारा आणि साधा, न रंगवलेला, समोरून घेतलेला मोबाइल फोटो मागवा. ब्लाऊज शिवायला वेळ नसतो, आणि विकायच्या साडीचा ब्लाऊजपीस तुम्ही कापणारही नाही. ताणले जाणारे तयार ब्लाऊज सोनेरी, काळा, लाल, हिरवा, मोतिया असे पाच आणा, पंधरा साड्या त्यात निघतात. नथ चापाची घ्या. कुणाचं नाक टोचलेलं असेल याच्या भरवशावर राहू नका.

तुमच्याकडून तिघं जण असणार: तुम्ही, जाऊबाई आणि मावसभाऊ. शेवटचा शब्द कुणाचा, ते घरीच ठरवून या. सेटवर मॉडेलला एक जण ‘हसा’ म्हणतो, दुसरी ‘नको, गंभीर’ म्हणते, तेव्हा ती बिचारी दोघांकडे बघते आणि फोटोत डोळे भलतीकडेच येतात.

बरं, आता लाइट.

पैठणीत दोन अगदी वेगळ्या चीजा एकत्र आहेत. रेशीम मऊ चमकतं; जर, म्हणजे सोनेरी तार, आरशासारखी वागते. जरीचा फोटो म्हणजे जरीसमोर जे काही आहे त्याचा फोटो. समोर छोटा, उघडा फ्लॅश असेल तर जरीवर पांढरे ठिपके उमटतात आणि बाकीची जर काळी-तपकिरी दिसते. गिऱ्हाईक म्हणतं जर जुनी आहे. समोर मोठा, सपाट पांढरा पृष्ठभाग असेल तर काठ सलग सोनेरी उजळतो. म्हणून मुख्य लाइटला मोठ्यात मोठा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशवर चढवायची पांढऱ्या कापडाची पेटी), पाच फुटी किंवा त्याहून मोठा. दुसऱ्या बाजूला फ्लॅश लावू नका, थर्माकोलच्या पांढऱ्या पाट्या जमिनीपासून डोक्यापर्यंत उभ्या करा. त्या उजेड परत फेकतात आणि जरीला बघायला काहीतरी पांढरं मिळतं. काळ्या रंगाने रंगवलेले स्टुडिओ दिसायला झोकदार असतात, पण जरीला ते मारक. तसा असेल तर दोन पांढऱ्या चादरी न्या.

नवखा माणूस सॉफ्टबॉक्स मॉडेलच्या तोंडाजवळ आणतो, कारण चेहरा छान मऊ दिसतो. पण उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. लाइट तोंडापासून एक मीटरवर आणि पावलांपासून दोन मीटरवर असेल तर खालच्या काठाला तोंडाच्या चौथाई उजेड मिळतो. चेहरा झकास आणि साडीचा काठ अंधारात. तोच लाइट तोंडापासून अडीच मीटर मागे नेला तर पावलं साधारण तीन मीटरवर येतात, आणि तिथे दोन-तृतीयांशाहून जास्त उजेड पोचतो. बायका पैठणीचा काठ आधी बघतात, चेहरा नंतर. लाइट मागे न्या, त्याची ताकद वाढवा.

कॅमेरा हाताने लावायचा: आयएसओ १००, शटर १/१६०, छिद्र एफ ८ ते ११. मग फ्लॅश बंद ठेवून त्याच सेटिंगवर एक फोटो काढा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. काळा नाही आला तर स्टुडिओच्या ट्यूबलाइटचा उजेड फोटोत शिरतोय आणि साडीच्या रंगात भेसळ होतेय. ट्यूब बंद करा. या चाचणीला दहा सेकंद लागतात. ती न केल्यामुळे हिरवट आलेल्या शंभरेक फोटोंपुढे मी एकदा रात्रभर बसलोय.

रंग हा तुमच्या धंद्याचा खरा प्रश्न आहे, कारण साडी परत येते ती बहुधा ‘फोटोत वेगळी दिसत होती’ म्हणूनच. प्रत्येक वेळी लाइट हलला की मॉडेलच्या हातात राखाडी कार्ड देऊन एक फोटो घ्या, पुढे संगणकावर त्यावरून सगळ्यांचा रंग बसवता येतो. फोटो रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये. राणी रंग आणि लाल यांच्याकडे खास लक्ष ठेवा. पडद्यावर फोटो ठीक दिसतो, पण लाल वाहिनी (फोटोतला नुसत्या लाल रंगाचा हिस्सा) भरून वाहिलेली असते, निऱ्यांच्या कडा जातात आणि सगळी साडी एकच पत्रा वाटते. तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे दाखवायची सोय कॅमेऱ्यात असते, ती लावा. लाल उजवीकडे आपटत असेल तर छिद्र थोडं बारीक करा, चेहरा नंतर उचलता येतो.

धूपछावची गंमत वेगळी. ताणा (उभे धागे) एका रंगाचा, बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा, त्यामुळे साडी इकडून जांभळी, तिकडून निळी. तिचा ‘खरा’ रंग असा एक नसतोच, तेव्हा एका फोटोत तो पकडायच्या नादी लागू नका. निऱ्या हलताना पाच सेकंदांचा व्हिडिओ घ्या आणि साडीखालच्या मजकुरात दोन्ही रंग लिहा. शेवटी संगणकातून फोटो बाहेर काढताना ‘कलर स्पेस’ एसआरजीबी (sRGB) निवडा. दुसरी निवडली तर बऱ्याच ठिकाणी साडी विटलेली दिसते, आणि दोष कॅमेऱ्यावर येतो.

दिवसाचा क्रम. साड्या रंगाच्या आवडीने लावू नका. आधी पार्श्वभूमीने दोन गट करा, मग त्यात ब्लाऊजने, मग दागिन्याने. केस मोकळ्याकडून अंबाड्याकडे जाऊ द्या, अंबाडा सोडून मोकळे केले की वळ्या राहतात. मेकअपही हलक्याकडून भारीकडे. गजरा शेवटच्या चार साड्यांना, कारण लाइटखाली मोगरा तासाभरात पिवळा पडतो. तो दुपारी आणायला सांगा, सकाळी नको. सगळ्यात महागडी साडी पहिली घेऊ नका, तेव्हा कुणाचाच हात बसलेला नसतो. शेवटचीही नको. तिसरी ते आठवी, जेवणाच्या आत.

साड्या विकायच्या आहेत हे सतत डोक्यात ठेवा. फॉल लावलेला नसतो, तेव्हा मॉडेलच्या पायाखालचा कागद दर दोन साड्यांनी पुसा. जरीत सेफ्टी पिन घालायची नाही, छिद्र राहतं. मागच्या बाजूने क्लिपा लावा. पिन लागलीच तर आत, परकराच्या बाजूला. अत्तर, डिओ साडी चढवण्याआधी. आणि साडी-ब्लाऊज बदलताना मॉडेलच्या तोंडावर मऊ ओढणी टाका.

हे शेवटचं मी पैसे मोजून शिकलोय. एका शूटमध्ये घाईत पदर तोंडासमोरून ओढला आणि पोपटी पैठणीवर लिपस्टिकचा पूर्ण ओठ उमटला. ड्रायक्लीनिंगवाल्याने हात टेकले. साडी मालकिणीची, चूक माझी, किंमत माझ्या बिलातून वळती झाली. ती साडी आता आमच्याकडे असते. बायको पाडव्याला नेसते, पदर पिनअप केला की डाग मागच्या घडीत जातो.

कॅमेरा लॅपटॉपला वायरने जोडून ठेवा आणि जाऊबाईंना लॅपटॉपसमोर बसवा. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर वाकडा काठ दिसत नाही, पंधरा इंचांवर ताबडतोब दिसतो. प्रत्येक साडीचा पहिला फोटो साडीच्या नंबरची चिठ्ठी मॉडेलच्या हातात देऊन घ्या. पंधरा साड्यांचे सहाशे फोटो होतात, त्यात तीन हिरव्या पैठण्या एकसारख्या दिसतात आणि महिन्याने कुणालाच आठवत नाही कुठली कुठली. एका रॉ फोटोला तीसेक एमबी धरले तर दिवसाचे अठरा जीबी. स्टुडिओ सोडायच्या आत दोन ठिकाणी उतरवून घ्या, आणि दोन्ही एकाच पिशवीत ठेवू नका.

कागदोपत्री दोनच गोष्टी, पण लेखी. मॉडेलकडून संमतीपत्र: फोटो कुठे वापरणार, किती वर्षं, पैसे देऊन केलेल्या जाहिरातीत चालतील का. तिला वाचता येईल त्या भाषेत, आणि मेकअपला बसण्याआधी. दमून घरी निघालेल्या माणसाची सही घेणं बरं नव्हे. दुसरं, फोटोचा हक्क. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कुणी मोबदला देऊन फोटो काढवून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा. आम्हा फोटोग्राफर मंडळींना हे फारसं आवडत नाही, पण आहे ते असं आहे. मावसभाऊ मात्र पैसे न घेता काढणार असेल तर हे कलम तुमच्या उपयोगाचं नाही, म्हणून त्याच्याशीही चार ओळी लिहून घ्या. भाऊबंदकी जमिनीवरूनच होते असं काही नाही.

आदल्या संध्याकाळी सगळ्यांना एकच मेसेज पाठवा. पत्ता, खूण, नकाशाची लिंक, लिफ्ट आहे की नाही, गाडी कुठे लावायची, आणि ज्याची त्याची यायची वेळ. मेकअपवाली आणि मॉडेल नऊला, नेसवणाऱ्या ताई साडेनऊला, मावसभाऊ नऊला लाइट लावायला. तोवर तुमच्यापैकी एक जण मॉडेलच्या जागी उभं राहा, एखादी जुनी जरीची साडी अंगावर टाकून. लाइट त्या साडीवर जुळवून झाला की मॉडेल बाहेर येते तेव्हा पहिल्याच फोटोपासून काम सुरू होतं. जेवण सुटसुटीत ठेवा, रस्सा आणि तेल साड्यांच्या खोलीत येऊ देऊ नका. हात धुवायचा साबण घरून न्या, स्टुडिओत तो कधीच नसतो.

पॅकअपच्या वेळी साड्या मोजून, नंबर जुळवून घड्या घाला. आणि त्याआधी पिना मोजा. सकाळी डबीत चोवीस ठेवल्या असतील तर संध्याकाळी चोवीसच भरल्या पाहिजेत. तेवीस भरल्या तर कितीही उशीर झालेला असो, पंधराही साड्या पुन्हा उलगडायच्या.